फेंगतियान फौजेचं हळदीकुंकू

गजेंद्रच्या फौजेतला पहिला शिपाई तयार झाला तेव्हा तो हुबेहूब समुद्रपूरच्या मामासारखा दिसत होता. गजेंद्रनं त्याची मिशी काढली, टोपी बदलली, गाल तासले. तरी मामाच मिशी काढून, टोपी बदलून, थोडा आजारी पडून आल्यासारखा दिसायला लागला. शेवटी त्यानं मामाच्या हातात रायफल दिली आणि ठरवलं, की उत्तर चीन केवढा मोठा प्रदेश, त्यात असा एखादा माणूस असूच शकतो. दुसराही मामा झाला. तिसराही. गजेंद्रच्या बोटांना एवढा एकच चेहरा येत होता, आणि सैन्यात एकसारखेपणा असावा असं म्हणतातच.

हा उद्योग कापसाच्या भावातून निघाला. गजेंद्र हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. एकदा ऑफिसची लाइन बंद म्हणून बसस्टँडजवळच्या नेटकॅफेत परदेशातल्या कापसाचे भाव पाहायला गेला, आणि एक चुकीचं बटण दाबून थेट १९२४ सालच्या चीनमध्ये पोचला. तिथं बादशाही गेली होती, प्रांताप्रांताचे सेनापती आपापली फौज घेऊन एकमेकांवर धावून जात होते, आणि आज, ऐंशी वर्षांनंतर, जगभरातली वयानं मोठी माणसं बोटाच्या पेराएवढे शिपाई बनवून, टेबलावर मांडून, फासे टाकून त्या लढाया पुन्हा लढत होती. कायदेशीर होतं. नियमांची पुस्तकं होती. गजेंद्रला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपल्यासारखे लोक आहेत. फक्त ते बेल्जियमला राहतात.

त्यानं मांचुरियाचा फेंगतियान गट निवडला. कारण एकच. त्या गटाच्या एका जुन्या फोटोतले शिपाई पाठीवर रायफल आणि रायफलशेजारी कागदी छत्री बांधून लढाईला निघाले होते. गोळीपेक्षा पावसाची काळजी जास्त करणारं सैन्य म्हणजे आपल्याच लोकांचं, असं त्याला वाटलं.

शिपाई विकत आणायचे तर इंग्लंडहून येतात आणि सोन्याच्या भावानं येतात. म्हणून एम-सील. नळाची गळती बुजवायचं हे द्रव्य मळून त्याचा माणूस होतो, हे गजेंद्रनं स्वतः शोधून काढलं. कणा टाचणीचा, संगीन स्टेपलरच्या पिनेची, आणि छत्री म्हणजे आईच्या पाकिटातली मरून टिकली, दातकोरणीवर चिकटवलेली. फक्त एम-सील फार लागायचं. चौकातला हार्डवेअरवाला प्रेमदास पहिल्या महिन्यात काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात त्यानं पुडी पुढे सरकवताना आवाज खाली केला.

"गजूभाऊ, एवढं गळून राह्यलं तर टाकीच बदलवा ना. मी काई तुमचा दुश्मन आहो का?"

गजेंद्र म्हणाला, "बदलवू." सैन्याची तयारी गुप्त असावी असं पुस्तकात होतं.

प्रेमदासनं ही गोष्ट सहानुभूतीनं चार जणांना सांगितली. पाचव्या प्रमिलाबाई निघाल्या. त्या गजेंद्रच्या शेजारच्याच घरातल्या, आणि दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला दोन पावसाळ्यांपासून ओल होती. त्या ओलीचं मूळ आता सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गजेंद्रच्या वडिलांसमोर, म्हणजे डोमाजींसमोर, कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

"तुमची टाकी गळते, तुम्ही रोज एम-सील लावून राह्यले, आन् पाणी मुरते माह्या भिंतीत. सांगाले काय झालं होतं?"

डोमाजींचं भांड्यांचं दुकान. आयुष्यभर गळणारी भांडी परत घेण्यात गेलेलं, त्यामुळे गळतीचा आरोप त्यांना वर्मी लागला. त्यांनी प्लंबर बोलावला. प्लंबरनं टाकी पाहिली, पाइप पाहिले, गळती नाही म्हणाला. प्रमिलाबाई म्हणाल्या, नीट पाहा. त्यानं नीट पाहण्यासाठी भिंत फोडली, आणि फोडताना पाइपही फोडला. मग गळती सापडली. ती बुजवायला एम-सील पाहिजे होतं, आणि तोवर दुकानं बंद झाली होती. गजेंद्रनं जड मनानं आतून पुडी आणून दिली. एक अख्खी मशीनगन आणि तिचे तीन गोलंदाज त्या दिवशी भिंतीत गेले.

"पाहा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "घरातच ठेवलेलं होतं."

तोफ मात्र एम-सीलची जमेना. तिची चाकं गोल होत नव्हती, आणि चौकोनी चाकांची तोफ इतिहासात बसत नव्हती. म्हणून गजेंद्रनं मन घट्ट करून इंग्लंडहून एकच तोफ मागवली. ती पोस्टात येऊन पडली, पण पाकिटावर पाठवणाऱ्या प्रामाणिक माणसानं आत काय आहे ते लिहिलं होतं: चिनी मैदानी तोफ, नग एक. पोस्टातल्या बाबूंनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं.

"तोफ हाय का ह्याच्यात?"

"खेळण्यातली आहे, साहेब."

"खेळण्यातली कुठी लिहिलं? चिनी लिहिलं हाय." बाबूंनी पाकीट हलवून पाहिलं, आणि मग आपण काय हलवतो आहोत हे आठवून हळूच खाली ठेवलं. "ठाण्याचं पत्र आणा."

ठाण्यात हवालदारानं विचारलं, तोफ किती फुटाची. गजेंद्रनं अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाखवली. हवालदार बराच वेळ त्या अंतराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एवढ्याचं पत्र देता येत नाई. मोठी असती तर दिलं असतं." गजेंद्र पुन्हा पोस्टात. बाबू म्हणाले, मग उघडून दाखवा. उघडली. बाबूंनी तोफ तळहातावर घेतली, काउंटरवर दोनदा फिरवली, तोंडानं बारीक आवाज काढला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत दिली.

अशा रीतीनं दिवाळीपर्यंत फौज उभी राहिली. आता शत्रू पाहिजे होता. हिंगणघाटात चिनी सेनापतींशी वैर असलेला दुसरा माणूस नव्हता, म्हणून गजेंद्र डाव्या हाताविरुद्ध उजव्या हातानं लढायचा. आणि हरायचा. कोणत्याही बाजूनं खेळला तरी संध्याकाळी हरल्याचं वाईट वाटायचंच. माणसाला निदान दुसऱ्याकडून हरता यावं, एवढीच त्याची जगाकडे मागणी होती.

ती मागणी नेटवरच पुरी झाली. नागपूरला प्रभाकरराव नावाचे निवृत्त बँक मॅनेजर होते. चिनी सेनापतींच्या लढाया खेळणारं चार जणांचं एक मंडळ ते चालवत. गजेंद्रनं मंडळात घ्या म्हणून लिहिलं. उत्तर आलं ते बँकेच्या भाषेत. नव्या सभासदानं स्वतःची संपूर्ण फौज दाखवावी, मंडळाच्या अध्यक्षांविरुद्ध एक लढाई सूर्यास्तापर्यंत टिकवून दाखवावी, फौज टिकली तर प्रवेश. अध्यक्ष संक्रांतीनंतरच्या रविवारी स्वतः हिंगणघाटला येतील. खाली एक सूचना होती: रंग खरवडू नये म्हणून प्रत्येक शिपाई वेगळा, मऊ वेष्टनात ठेवावा.

गजेंद्रनं ही सूचना शिरसावंद्य मानली. वडिलांच्या दुकानातून झाकणाच्या लहान प्लास्टिकच्या डब्या आणल्या. जिनिंगमधून सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस आणला. एका डबीत एक शिपाई, खाली कापूस, वर कापूस. मंगळसूत्र ठेवावं तसा. सगळ्या डब्या परातीत रचल्या, परात कपाटावर ठेवली आणि तो निश्चिंत होऊन ऑफिसला जाऊ लागला.

इथं त्याच्या आईविषयी सांगायला पाहिजे. अनुसयाबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू मोहल्ल्यात मोठं असे, पण त्यांच्या वाणाला मान नव्हता. भांड्याच्या दुकानदाराची बायको. दरवर्षी दुकानात न खपलेलं काहीतरी वाणात निघायचं. एका वर्षी झाकण नसलेल्या बरण्या निघाल्या. पुढच्या वर्षी झाकणं. समोरच्या कौशल्याबाईंनी तेव्हा चारचौघींत म्हटलं होतं, "अनुसयाबाईच्या घरी दोन वर्षं यावं लागते, तवा एक वाण पुरं होते." ते अनुसयाबाईंनी मनात ठेवलं होतं. औंदा त्यांनी मुलाला बजावलं, दुकानातला शिळा माल नको, काहीतरी वेगळं आणजो. गजेंद्र तेव्हा दाराआड एका छत्रीचा दांडा सरळ करत होता. तो म्हणाला, "हाव."

हळदीकुंकवाच्या दिवशी संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत उखाणे चालले होते. पाटावर अत्तरदाणी, तिळगुळाचं ताट, आणि त्याच्या शेजारी परात. परात जवळजवळ रिकामी होती. बाया एकेक डबी घेत होत्या, झाकण उघडत होत्या, कापूस बाजूला सारत होत्या आणि गप्प होत होत्या. एवढ्या बाया एवढा वेळ गप्प झाल्याचं मोहल्ल्यानं पाहिलं नव्हतं.

"अवं माय," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. "छत्रीवाला वामन होय हा. बटू वामन."

"एकेक हातानं केलेला," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की गजेंद्रनं तो यापूर्वी फक्त मामाच्या लग्नाच्या फोटोत पाहिला होता. "माह्या गजूनं आणले. कुठून आणले मलेही नाई सांगितलं."

सगळ्या बाया वळून गजेंद्रकडे पाहू लागल्या. मांचुरियाची फौज डोळ्यांदेखत मोहल्लाभर पांगत होती, आणि तो दारात डबा धरून उभा होता. एक वाक्य बोललं असतं तर सगळं थांबलं असतं. कौशल्याबाई म्हणाल्या, "काई म्हणा अनुसयाबाई, असं वाण उभ्या गावात कोणी नाई दिलं." अनुसयाबाईंनी पदरानं नाक पुसलं. गजेंद्रनं ते वाक्य गिळलं. उशिरा आलेल्या तिघींसाठी परातीत शेवटच्या तीन डब्या होत्या. त्या त्यानं स्वतःच्या हातानं दिल्या. वाकून नमस्कारही केला.

तोफ वाचली. ती वेगळ्या खोक्यात होती. फेंगतियान गटाकडे आता तोफ होती आणि ती ओढायला कोणी नव्हतं.

दिलेलं वाण परत मागत नाहीत. हे गजेंद्रला माहीत होतं. पण उसनं मागू नये असं कुठं आहे, असा विचार करून तो दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंकडे गेला. शिपाई देवघरात, बाळकृष्णाच्या उजव्या हाताला होता. रायफलवर हळद आणि छत्रीवर कुंकू.

"काकू, हा रविवारच्या रोज जरा पाहिजे होता. नागपूरचे एक साहेब येऊन राह्यले. फक्त मांडायचा हाय. संध्याकाळी आणून देतो."

"काऊन? त्यायच्याकडं देव नाई का?"

"खेळ आहे तो, काकू. लढाईचा."

प्रमिलाबाईंनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "वाण दुसऱ्याच्या हाती जात नाई, बाबू. माह्या हातानं आणीन, माह्या हातानं मांडीन, आन् माह्याच हातानं घरी नेईन. किती वाजता येऊ?"

कौशल्याबाईंना मशीनगनवाला मिळाला होता. तो शिलाई मशीनवर बसलेला शिंपी आहे असं त्यांचं मत होतं. त्यांनी तो खिडकीत ठेवला होता, नळी नेमकी प्रमिलाबाईंच्या दाराकडे करून. दोन्ही घरांच्या मधून एक नाली वाहायची आणि तिच्यावरून त्यांचं बोलणं बंद-सुरू व्हायचं; सध्या बंद होतं. गजेंद्रला मान्य करावं लागलं, की जागा उत्तम निवडली होती. त्याही म्हणाल्या, येईन, पण माझा शिंपी मीच आणीन, आणि प्रमिलाबाईंच्या शेजारी ठेवणार नाही.

बाकीचंही असंच. एक शिपाई ऑटोच्या काचेसमोर चिकटून रोज स्टेशनला जात होता. एकाला नातवानं वरणात बुडवलं होतं. त्याला हुतात्मा समजायचं ठरलं. पण ज्यांच्याकडं शाबूत होते त्या सगळ्या जणी यायला तयार होत्या. कोणी विचारलं नाही कशासाठी. नागपूरचा माणूस आपलं वाण पाहायला येतो एवढं पुरेसं होतं.

रविवारी प्रभाकरराव एसटीनं आले. इस्त्रीचा शर्ट, हातात अॅल्युमिनियमची पेटी. पेटीत फेंगतियानच्या शत्रूची, म्हणजे झीली गटाची, इंग्लंडहून आणलेली धातूची फौज, फोमच्या खाचांत निजलेली. त्यांनी ती टेबलावर ओळीनं मांडली आणि विचारलं, "तुमची फौज कुठाय, गजेंद्रराव?"

"येते आहे," गजेंद्र म्हणाला.

फौज आली. कोणी काठापदराची नेसून, कोणी गजरा माळून, प्रत्येकीच्या मुठीत एकेक डबी. डोमाजी दुकानातल्या खुर्च्या आणून आणून थकले. बायांनी आपापला शिपाई आपापल्या पसंतीच्या जागी ठेवला, म्हणजे बहुतेकींनी सावलीत, आणि त्याच्यामागे बसून घेतलं. अनुसयाबाईंनी स्वतःसाठी ठेवलेला शिपाई टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या पुलाच्या तोंडाशी ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहून म्हटलं होतं, हा माह्या भावासारखा दिसते.

प्रभाकररावांचा चष्मा नाकावर घसरला होता. "हे काय आहे?"

"प्रत्येक तुकडीला स्वतंत्र सेनापती," गजेंद्र म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

प्रभाकररावांनी चष्मा वर सरकवला. "नियमात बसतं," ते म्हणाले, आणि फासे काढले.

लढाई दुपारी सुरू झाली. गजेंद्रची योजना साधी होती. डावी फळी पुढे, मशीनगन तिच्या आडून, आणि पूल सूर्यास्तापर्यंत धरायचा. पूल टिकला की फौज टिकली, फौज टिकली की मंडळात प्रवेश. त्यानं घसा साफ करून हुकूम सोडला, "डावी फळी पुढं."

"कौशल्याबाई अगोदर जाऊ दे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काकू, त्यायची मशीनगन हाय. ती मागूनच चालवते."

"मागून? माह्या मागून?" प्रमिलाबाईंनी वामनाला उचलून दोन बोटं मागे ठेवलं. "नालीचं पाणी बी अशीच मागून सोडते."

डावी फळी तिथंच फुटली. शत्रूनं अजून एकही गोळी झाडली नव्हती. गजेंद्रनं विनवलं, इतिहास सांगितला, तिळगुळाची आठवण करून दिली. प्रभाकरराव हातावर हनुवटी टेकून सगळं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मंडळाच्या बैठकीत कधी दिसत नसेल असं काहीतरी उमटत होतं. ते किंचित पुढे वाकले.

"ताई," ते कौशल्याबाईंना म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे आलात, तर हे घोडदळ तुमच्या हाताखाली देतो."

"हे असं चालते?" गजेंद्रनं विचारलं.

"त्या काळी असंच चालायचं," प्रभाकरराव म्हणाले. "निम्म्या लढाया अशाच संपल्या."

कौशल्याबाईंनी घोडे नीट पाहिले. इंग्लंडचे होते, एकेक आयाळ रंगवलेली. त्यांनी शिंपी उचलला, खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसल्या. नळी पुन्हा प्रमिलाबाईंकडे. आता प्रमिलाबाईंना गप्प बसवेना. "तिले घोडे, आन् मले?" त्यांनी विचारलं. त्यांना चिलखती आगगाडीचा एक डबा मिळाला आणि त्याही पलीकडे गेल्या, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मग रांगच लागली. कोणी झेंड्यासाठी गेलं, कोणी पलीकडे पंखा आहे म्हणून. गजेंद्रकडं तोफ राहिली, आणि पुलावर आई.

उन्हं कलली होती. अजून थोडाच वेळ पूल धरायचा होता. पलीकडे सगळा मोहल्ला, आणि अलीकडे समुद्रपूरचा मामा छत्री पाठीला बांधून एकटा उभा.

"आई, तू हलजो नको," गजेंद्र म्हणाला.

"मी कायले हलते?" अनुसयाबाई म्हणाल्या. "मले घोडे बी नको आन् झेंडे बी नको."

प्रभाकररावांनी फासे बाजूला ठेवले. त्यांनी मामाला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, टिकलीची छत्री पाहिली, कापसाची डबी पाहिली, आणि पुन्हा अगदी जपून पुलावर ठेवलं. "वहिनी," ते म्हणाले, "माझी आई जाऊन दहा वर्षं झाली. तिनं नागपुरात साऱ्या महाल भागाचं हळदीकुंकू केलं. पण असं वाण मी कोणाच्या घरी पाहिलं नाही."

कौशल्याबाई खाली पाहत होत्या. अनुसयाबाईंनी पदर सावरला, एकदा मुलाकडे पाहिलं, मग भावाला पुलावरून उचललं आणि पलीकडे नेऊन ठेवलं.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

सूर्य अजून पाण्याच्या टाकीच्या वर होता. फेंगतियान गट संपला होता. प्रभाकररावांनी आपला एकेक शिपाई पुसून फोमच्या खाचेत निजवला. शेवटी म्हणाले, की मंडळ तीन वर्षांपासून लढतंय, पण खऱ्या सेनापतींची लढाई आज पहिल्यांदा पाहिली. मंडळाची पुढची बैठक नागपूरला, या सगळ्या ताईंना निमंत्रण आहे. मग गजेंद्रचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "आणि तुम्ही पण या. तुम्हाला घेतलं असं समजा. कोणत्या बाजूला बसवायचं, ते मात्र पाहावं लागेल."

त्यांना एसटीत बसवून गजेंद्र घरी परतला, तेव्हा आपण जिंकलो की हरलो याचा हिशेब त्याला लागत नव्हता. अनुसयाबाई ओट्यावर बसून मामाच्या अंगावरची धूळ फुंकत होत्या.

"गजू, पुढल्या बैठकीआधी मले दोन घोडे करून देजो. कौशल्याबाईच्या घोड्यायपेक्षा उंच पाहिजे."

"पण आई, ते घोडे माह्यावरच धावून येतीन ना?"

"मंग?" अनुसयाबाई म्हणाल्या. "मी आता परक्याशी लढू का?"